पुढच्या आठवड्यात पुन्हा

इस्लापूरलाही कर्मचारी आहेत

प्रेरणा प्रशिक्षण म्हटलं की पुण्या-मुंबईची काचेची इमारत डोळ्यांसमोर येते. किनवट तालुक्यातलं इस्लापूर नांदेडपासून शंभरेक किलोमीटरवर, पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळ. तिथे तशी इमारत नाही. पण शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, अंगणवाडीताई आहेत, वाड्यातांड्यांवर पायी फिरणाऱ्या आशाताई आहेत. त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारे मुख्याध्यापक, पर्यवेक्षिका, गटप्रवर्तक आणि वैद्यकीय अधिकारीही आहेत. या माणसांचा उत्साह टिकतो की विझतो, यावर आजूबाजूच्या गावांतली पोरं आणि बाळंतिणी अवलंबून असतात. म्हणून हा विषय मला फक्त कंपन्यांचा वाटत नाही.

एका दिवसाची हवा

ठरलेला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मागे फ्लेक्स, दारात सह्यांचा तक्ता, हातात फाईल आणि पेन. बाहेरून आलेले वक्ते तळमळीने बोलतात, टाळ्या मनापासून पडतात, गटाचा फोटो निघतो. सोमवारी तोच अहवाल, तीच धावपळ.

दोष वक्त्यांचा नसतो. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की निरर्थक अक्षरांची पाठ केलेली यादी तासाभरात निम्म्याहून जास्त विसरली जाते. थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर ती टिकते. प्रेरणेची गत याहून वेगळी असेल, असं मला वाटत नाही. 1959 मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने प्रशिक्षण चार पायऱ्यांवर तपासायला सांगितलं: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामाचं फळ बदललं का. आपले अभिप्रायाचे फॉर्म बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतात.

जामखेडने काय केलं

याचं उत्तम उदाहरण मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगावी राहायला पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. घरात आणि गावात ज्यांना कुणी मत विचारलं नव्हतं, त्या आता आरोग्यसेविका होणार होत्या.

त्यांना एकदाच शिकवून परत पाठवलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या. गावात काय घडलं ते सांगायच्या, अडलं ते विचारायच्या, एखादा आजार शिकायच्या, मागचं घोकायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र बसायच्या, एकत्र जेवायच्या. ‘मलाही येतं’ हा विश्वास औषधांच्या माहितीइतकाच महत्त्वाचा मानला गेला. मला हेच खरं प्रेरणा प्रशिक्षण वाटतं. पुढच्या आठवड्यात आपलं कुणीतरी ऐकणार आहे, हे ठाऊक असलेली बाई गावात जास्त लक्ष देऊन पाहते.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये बालमृत्यू हजारी 176 होते. 1976 मध्ये ते 52 वर आले. त्यात पाणी, पोषण, शेती या सगळ्याच कामांचा वाटा होता. पण ही कामं घरोघरी नेणाऱ्या याच बायका होत्या. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. आज आशाताई बाळाच्या छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजते, साठ किंवा जास्त भरले की पुन्हा मोजते आणि खात्री झाली की दवाखान्यात न्यायला सांगते, ती रीत याच वाटेने आलेली आहे.

आधी पोटाचं

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये कामातल्या नाराजीची आणि उमेदीची कारणं वेगवेगळी मांडली. पगार, सुरक्षितता, वरिष्ठांची वागणूक यांची आबाळ झाली की माणूस नाराज होतो. ती दूर केली की नाराजी जाते, पण उमेद त्यातून येत नाही. उमेद येते काम नीट पार पडल्यातून, दखल घेतली जाण्यातून, जबाबदारी मिळण्यातून.

याचा अर्थ पैसे मागे ठेवून भाषण द्यावं, असा अजिबात नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाते. सहाही भेटींचे मिळून 250 रुपये ठरलेले. सरकारी कागदावर ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिचा मोबदला थकला असेल तर ‘सकारात्मक राहा’ हे वाक्य तिला टोचतं, आणि टोचावंच.

साहेबांचं प्रशिक्षण

माझ्या मते निम्मं प्रशिक्षण वरिष्ठांचं हवं, कारण हाताखालच्यांचं काम सोपं करणं त्यांच्या हातात असतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयातली अडगळ काढली, दप्तर क्रमाने लावलं, कागद चटकन सापडेल अशी व्यवस्था केली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर गाजली. हवा तो कागद मिळाला तर लिपिकाला चोरट्यासारखं वाटत नाही, आणि समोरच्या माणसाशी तो नीट बोलतो.

केंद्राच्या 2020 च्या ‘मिशन कर्मयोगी’ने सरकारी नोकरांसाठी मोबाइलवरचे अभ्यासक्रम आणले. ते उपयोगी आहेत. पण गटप्रवर्तकताईने मासिक बैठकीत रजिस्टर उघडण्याआधी ‘या महिन्यात कुठे अडलं?’ असं विचारून पाच मिनिटं गप्प बसून ऐकणं, हे कुठल्याही ॲपवर होणार नाही. तिला ते शिकवावं लागेल, आणि तिच्या साहेबांनी तिचंही तसंच ऐकावं लागेल.

कुणाच्या बोलीत

किनवट भागात मराठीसोबत गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि तेलुगूही कानावर पडते. छापील मराठीतल्या पुस्तिका बैठकीत वाचून होतात, पण पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, बाळाच्या आजीला समजवायचं ते आशाताईलाच. म्हणून इस्लापूरला पुढचं प्रशिक्षण होईल, तेव्हा फळा तिच्याकडे द्यावा. ‘बाळाचं अंग गार पडलंय’ हे त्या घरात कसं म्हणतात ते तिने देवनागरीत लिहावं, आणि बाकीच्यांनी, साहेबांसकट, वहीत उतरवून घ्यावं.