हिमस्कूटरवर ऊब टिकते कशी?

फिनलंडमधील लॅपलँड, नॉर्वेचा उत्तर भाग किंवा कॅनडा येथे हिवाळ्यात जाणाऱ्या पर्यटकांना स्नोमोबाइलवरून, म्हणजेच हिमस्कूटरवरून, बर्फातून फेरी मारण्याचे मोठे आकर्षण असते. ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींमध्येही या फेरीचा समावेश असतो. मात्र, घरातले सर्वांत जाड स्वेटर आणि त्यावर मोठे जाकीट, एवढी तयारी तेथे पुरत नाही. उणे २० अंशांत उभे राहणे वेगळे आणि त्याच थंडीत हिमस्कूटरवर बसणे वेगळे. कपड्यांची निवड चुकल्यास त्याची किंमत बोटे, नाक आणि कान यांना मोजावी लागते.

वेगाचा गारठा

शरीराभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा हा थर सतत उडवून नेतो आणि त्वचेतील उष्णता वेगाने निघून जाते. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजून या परिणामाचा पहिला हिशेब मांडला. तो १९४५मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडाने २००१मध्ये त्यासाठी नवे सूत्र स्वीकारले. त्यानुसार उणे २० अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटर वारा असल्यास उघड्या त्वचेला उणे ३५ अंशांइतका गारठा जाणवतो. तापमान उणे ३० असेल, तर हाच आकडा उणे ४९पर्यंत जातो. अशा गारठ्यात उघडी त्वचा दोन ते पाच मिनिटांत गोठू शकते.

हिमस्कूटर चालवणारा हा वारा स्वतःच्या वेगाने निर्माण करीत असतो. हवा स्तब्ध असली तरी त्याची सुटका नसते. शिवाय तो बसून असतो. चालणाऱ्याच्या किंवा स्कीइंग करणाऱ्याच्या स्नायूंतून जी उष्णता निर्माण होते, ती त्याला मिळत नाही. मागे बसलेल्या सहप्रवाशाची हालचाल तर त्याहूनही कमी. म्हणून सहप्रवाशाला चालकापेक्षा एक थर अधिक लागतो.

तीन थर, तीन कामे

वारा बाहेरून हल्ला करतो, तर घाम आतून. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे ओलसर झालेला कपडा कितीही जाड असला, तरी तो ऊब देत नाही. सुती बनियन किंवा जीन्स घाम शोषून ओली राहते. अतिथंडीत ती सर्वांत घातक. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा.

मधला थर उष्णता धरून ठेवतो. वस्तुतः ऊब कपड्यात नसते, त्यात अडकलेल्या स्थिर हवेत असते. त्यामुळे एका जाड स्वेटरपेक्षा फ्लीस किंवा लोकरीचे दोन मध्यम कपडे उपयुक्त ठरतात. त्यांतील एक काढता किंवा चढवताही येतो. पिसांचे जाकीट हलके आणि उबदार असते, परंतु भिजल्यावर ते चपटे होऊन निरुपयोगी ठरते.

बाहेरचा थर वारा अडवणारा आणि बर्फाचे पाणी आत न येऊ देणारा हवा. लॅपलँडमधील अनेक सहल-संयोजक एकसंध ओव्हरऑल, बूट, हातमोजे आणि हेल्मेट पुरवतात. ओव्हरऑल घेताना आतले सर्व कपडे चढवूनच मापाचा घ्यावा. खाली वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही ना आणि चेनवर झाकणपट्टी आहे ना, हे पाहावे.

हात, पाय आणि चेहरा

थंडी वाढली की हृदय-फुप्फुसे वाचवण्यासाठी शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. त्यामुळे पहिला फटका बोटांना बसतो. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा सर्व बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार असतात. आत पातळ लोकरीचे मोजे घातल्यास चेन किंवा कॅमेरा हाताळताना त्वचा उघडी पडत नाही. हिमस्कूटरच्या मुठींना तापवण्याची सोय असली, तरी यंत्र बंद पडल्यावर ती बंदच राहते. मोज्यांचा कोरडा जोड सोबत असावा.

पायमोज्यांवर पायमोजे चढवून बूट घट्ट करणे ही नेहमीची चूक. बोटे हलली नाहीत, तर रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिक गारठतात. बूट एक माप मोठा घ्यावा. डोक्याला पातळ माकडटोपी आणि त्यावर चेहरा पूर्ण झाकणारे हेल्मेट असावे. मफलरची मोकळी टोके यंत्रात अडकू शकतात. ती आत खोचावीत किंवा मफलर टाळावा.

फेरीदरम्यान

ऊब जाणवू लागली तर घाम येण्यापूर्वीच चेन थोडी उघडावी. खोल बर्फात रुतलेले यंत्र ओढून काढताना ही दक्षता विशेष आवश्यक असते. मद्याने अंगात ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ते उष्णता घालवते.

दर थांब्यावर सोबत्यांनी एकमेकांचे चेहरे पाहावेत. नाकावर किंवा गालावर पांढुरका, बधिर डाग दिसल्यास ती हिमदंशाची चाहूल समजावी. ती जागा चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. तळव्याने झाकून ऊब द्यावी आणि निवाऱ्याला जावे. बोटे गोठली असतील, तर पुन्हा गोठण्याची शक्यता संपल्यावरच ती कोमट पाण्यात धरावीत आणि डॉक्टरांना दाखवावे.

हाच हिशेब काश्मीरमधील गुलमर्गलाही लागू आहे. तेथे उणे १० अंशांत हिमस्कूटर ताशी ३० किलोमीटरने धावली, तरी चेहऱ्याला उणे २० अंशांचा गारठा लागतो. भाड्याचा जाड कोट अंगावर असतो. त्याखालची सुती बनियन मात्र हॉटेलवरच काढून ठेवणे शहाणपणाचे.