चिरा पडण्याआधी

“काका, हे जेल आंघोळीनंतर खांद्याला, काखेत आणि पाठीवर लावायचं. रंगीत टॉवेल मात्र वापरू नका, त्याचा रंग उडतो.” खांद्याचा सांधा बदलायला आलेल्या काकांना सिस्टर समजावत होत्या. जेल बेन्झॉइल पेरॉक्साइडचं, म्हणजे तरुण मुलं मुरुमांवर लावतात तेच. काकांना नवल वाटलं.

क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू खांद्याच्या कातडीत, केसांच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथींत राहतो, पुरुषांमध्ये जास्त. एरवी तो निमूट असतो, पण कृत्रिम सांध्यावर बसला की हटता हटत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने कातडी कितीही पुसली, तरी खोल ग्रंथींतला जंतू उरतोच आणि ब्लेड त्या ग्रंथी कापतच आत जातं. या जंतूला ऑक्सिजन मानवत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड ऑक्सिजनच केसांच्या मुळापर्यंत पोचवतं. म्हणून ऑपरेशनआधी दोन-तीन दिवस घरी नेमाने लावलेलं हे स्वस्त जेल मला ओटीतल्या महागड्या यंत्रांइतकंच मोलाचं वाटतं.

ऑपरेशन पाहायला ओटीत गेलो, तेव्हा मी सर्वांत जास्त पाहत राहिलो ते घड्याळाकडे. सेफाझोलिन हे प्रतिजैविक चिऱ्याच्या आधीच्या तासाभरात शिरेतून गेलेलं हवं. केस वस्तऱ्याने काढायचे नाहीत, क्लिपरने कापायचे. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतूंना जागा मिळते. मग अल्कोहोलयुक्त द्रावण लावून किमान 3 मिनिटं थांबायचं. हात धुऊन, गाऊन घालून सगळे तयार, तरी कुणी ड्रेप, म्हणजे निर्जंतुक चादर, उचलत नाही. ओल्या कातडीवर द्रावणाचं काम पुरं झालेलं नसतं, शिवाय कॉटरीच्या ठिणगीने अल्कोहोल पेटू शकतं. या 3 मिनिटांत घाई न करणारी टीम मला फार आश्वासक वाटली.

मणक्याच्या ऑपरेशनची काळजी वेगळी, कारण ते लांबतं. 4 तास झाले की सेफाझोलिनचा पुढचा डोस. ती वेळ भूलतज्ज्ञ सांभाळतात. रिट्रॅक्टरने ताणून धरलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून सर्जन मधूनमधून रिट्रॅक्टर सैल सोडतात. टाके घालण्याआधी निर्जंतुक, पातळ केलेल्या पोव्हिडोन-आयोडिनने जखम धुतात. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाची पूड आत टाकावी का, यावर सर्जनांचं एकमत नाही. रक्तातली साखर आणि अंगातली ऊब सांभाळण्याबद्दल मात्र दुमत नाही.

खांद्यात क्युटिबॅक्टेरियमचा संसर्ग झालाच, तर तो ओळखणंही सोपं नसतं. ताप नाही, पू नाही, रक्ताचे रिपोर्ट बरेचदा नॉर्मल. महिनोन् महिने नुसता खांदा दुखतो आणि आखडतो. पुन्हा उघडलंच तर सर्जन वेगवेगळ्या जागांचे अनेक तुकडे तपासणीला पाठवतात. हा जंतू इतका सावकाश वाढतो की नेहमीच्या 5 दिवसांच्या कल्चरमध्ये निसटू शकतो. म्हणून सिस्टर प्रत्येक फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहितात, ‘14 दिवस ठेवा’, आणि मग लॅबला फोन करून तेच पुन्हा सांगतात.