घरगुती ब्रॉडबँड सेवा आणि ग्राहक : अनुभव, नियम व निवारण

प्रस्तावना :
इंटरनेट ही आज चैनीची बाब राहिलेली नसून ती कुटुंबाची दैनंदिन गरज बनली आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरची ब्रॉडबँड जोडणी एका पावसाळ्यात सलग अकरा दिवस बंद होती. याच काळात मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाचे पसंतीक्रम ऑनलाइन भरावयाचे होते; ते अखेर सायबर कॅफेत जाऊन भरावे लागले. पहिल्या दोन्ही तक्रारी दुरुस्तीविनाच 'निवारण झाले' अशा लघुसंदेशाने बंद करण्यात आल्या. तिसरी तक्रार आठव्या दिवशी नोंदविली व अकराव्या दिवशी सेवा सुरू झाली. या अनुभवाच्या आधारे ग्राहकाचे हक्क व ते बजावण्याचा मार्ग यांचा विचार येथे केला आहे.

वेगाची संकल्पना :
२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस मानला होता. तो २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस व २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आला. जाहिरातीतील '१०० एमबीपीएसपर्यंत' या शब्दप्रयोगातील 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो कमाल मर्यादा सांगतो, हमी देत नाही. तसेच वेग मेगाबिटमध्ये, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएस जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माहिती उतरते. वेगाची तक्रार करण्यापूर्वी राउटरला तारेने संगणक जोडून मोजणी करावी, म्हणजे दोष वायफायचा की सेवेचा हे स्पष्ट होते.

तक्रार निवारणाच्या पायऱ्या :
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. ते सेवेचे निकष ठरविते. २००६ च्या नियमावलीत तीन दिवसांहून अधिक रेंगाळलेल्या बिघाडासाठी भाड्यात सूट देण्याची तरतूद होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवा गुणवत्तेची नवी नियमावली लागू झाली आहे. २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीनुसार प्रत्येक तक्रारीस नोंद क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते व त्याचा निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित असतो.

ग्राहक आयोगाचा मार्ग :
२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भारतीय तार अधिनियमातील लवादाच्या तरतुदीमुळे दूरध्वनी बिलाचा वाद ग्राहक मंचापुढे चालणार नाही, असा निर्णय दिला होता. परिणामी अनेक ग्राहकांची वाट अडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने दूरसंचार सेवेतील त्रुटीबाबत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे.

समारोप :
प्रस्तुत लेखकाने अपील केले, तेव्हा कंपनीच्या दप्तरी सेवाखंड अकरा नव्हे, तर चारच दिवसांचा निघाला. पहिल्या दोन तक्रारी 'निवारण झाल्या' असल्याने गणना तिसऱ्या तक्रारीपासून झाली. त्या संदेशांना तत्काळ लेखी हरकत न घेतल्याने उरलेले सात दिवस सिद्ध करता आले नाहीत आणि भाड्यातील सूटही तेवढीच मिळाली. म्हणजे हक्क होता, परंतु पुरावा नव्हता. म्हणून ग्राहकाने तक्रारीचा क्रमांक व तारीख टिपून ठेवावी, कंपनीचे संदेश जपावेत आणि दुरुस्ती न होता तक्रार बंद झाल्यास त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी. कायद्याने दिलेला हक्क ग्राहकाच्या स्वतःच्या नोंदीनेच हाती येतो, हाच या अनुभवाचा निष्कर्ष होय.