रोग एकाचा, नाव दुसऱ्याचे



या अंकात एका अवघड विषयावर लिहीत आहे. मंडळीत हा विषय आपण काढत नाही. पण न बोलल्यामुळे काय होते ते मी पाहिले आहे, आणि त्यात चूक माझीही होती.

पावसाळ्याच्या तोंडावर एका पाड्यावर गरोदर मातांची तपासणी होती. नवऱ्याबरोबर वीटभट्टीवरून नुकत्याच परतलेल्या एका तरुण सुनेच्या रक्तात सिफिलिस निघाला. आपल्याकडे याच रोगाला ‘गरमी’ म्हणतात. नर्सबाईंनी तिला इंजेक्शनसाठी घेऊन यायला मला सांगितले. मी ओट्यावर चार बायका बसलेल्या असतानाच तिला विचारले, “नवरा कुठे कुठे जातो गं तुझा?” तिने पदर ओढून घेतला. इंजेक्शनला ती आलीच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. या रोगाचा इतिहास मी पूर्वी वाचला होता, आणि तोच मी पुन्हा घडवला होता.

सन १४९५ च्या सुमारास इटलीतल्या नेपल्स शहरात फ्रेंच फौज असताना हा रोग युरोपात पसरला. इटलीच्या लोकांनी त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हटले, तर फ्रेंचांनी ‘नेपल्सचा रोग’. रशियात तो पोलंडचा ठरला. आपल्या देशातही तेच झाले. पोर्तुगीज आल्यानंतर सोळाव्या शतकात लिहिलेल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याचे नाव ‘फिरंग रोग’ असे आहे. प्रत्येकाने दुखणे शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकले. ‘सिफिलिस’ हे नाव तरी कुठून आले? सन १५३० मध्ये एका इटालियन वैद्याने काव्य लिहिले. त्यातल्या मेंढपाळाने सूर्यदेवाचा अपमान केला म्हणून त्याला हा रोग जडतो. म्हणजे नावातच शिक्षा आहे.

पुढे सगळा दोष बायकांवर आला. इंग्रज सरकारने १८६८ साली हिंदुस्थानात कायदा केला. त्यानुसार वेश्यांची नावे नोंदवून त्यांची सक्तीने तपासणी होई आणि रोग आढळल्यास त्यांना इस्पितळात अडकवून ठेवत. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना मात्र कायदा काही विचारत नसे. इंग्लंडमधल्या अशाच कायद्याविरुद्ध जोसेफिन बटलर ही एका पाळकाची पत्नी उभी राहिली. सभ्य घरच्या बाईने असा विषय जाहीर सभेत काढावा, याचाच पुष्कळांना राग आला. तरी ती मागे हटली नाही. तिकडचा कायदा १८८६ मध्ये आणि आपल्याकडचा १८८८ मध्ये रद्द झाला.

रोगाचे जंतू १९०५ साली सापडले. १९४३ पासून पेनिसिलीनने तो बरा होतो. औषध मिळून ऐंशी वर्षे झाली, पण लाज अजून गेलेली नाही. हा रोग लाजेच्या आडच वाढतो. सुरुवातीचा फोड बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरून येतो. माणसाला वाटते, बरे झाले. जंतू मात्र अंगात राहतात. गरोदर आईकडून ते पोटातल्या बाळाला लागतात; गर्भ पडतो किंवा बाळ मृत जन्मते. वेळेवर इंजेक्शन घेतले तर बाळ वाचू शकते. नवरा-बायको दोघांनीही उपचार घ्यावा लागतो. एकत्र जेवल्याने, भांडी-कपडे वापरल्याने हा रोग लागत नाही.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू त्या चौकशीत शिरत नाही. तो त्याला दृष्टी देतो. विवाहातला विश्वासूपणा आपण शिकवतो आणि शिकवत राहू. पण त्या सुनेने काय केले होते? तिच्या पोटातल्या बाळाने काय केले होते?

आठ दिवसांनी मी आशाताईंबरोबर पुन्हा गेले. विहिरीच्या वाटेवर ती एकटी भेटली. मी म्हटले, “माझं चुकलं गं, बाई.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सासूला कळेल का?” मी म्हटले, “माझ्या तोंडून नाही.” दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली. नवऱ्याला तयार करायला आणखी दोन फेऱ्या लागल्या. दोघांचाही उपचार पूर्ण झाला आणि बाळ सुखरूप जन्मले.

प्रार्थनेसाठी विषय:
१. पाड्यांवरच्या गरोदर भगिनींनी न भीता रक्ततपासणी करून घ्यावी.
२. कामासाठी बाहेर जाणाऱ्या जोडप्यांचे रक्षण व्हावे.
३. कोणाचे दुखणे कानावर आले तर आपल्या तोंडी पहारा असावा. माझ्यासाठीही हीच प्रार्थना करा.