सोनामुखीच्या पर्णचूर्णाची सूक्ष्मदर्शकीय ओळख

सोनामुखीचे पान हे सारक औषध म्हणून आयुर्वेद, युनानी व आधुनिक वैद्यक या तिन्ही पद्धतींत वापरले जाते. व्यापारात तिचे दोन प्रकार मानले जातात. पूर्वी सुदानकडून येऊन अलेक्झांड्रिया बंदरातून निर्यात होणारी ती कॅसिया ॲक्युटिफोलिया आणि तमिळनाडूत तिरुनेलवेली परिसरात लागवडीखाली असलेली ती कॅसिया अंगुस्टिफोलिया. अखंड पर्णिका हाती असेल तर आकार व तळाची असमानता पाहून जाणकारास भेद करता येतो. मात्र चूर्ण होताच ही सर्व लक्षणे नष्ट होतात.

सूक्ष्मदर्शकाखालीही प्रथमदर्शनी निराशाच पदरी येते. एकपेशीय खरखरीत रोम, कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक, दोन्ही पृष्ठांलगतची खांबोती ऊती हे सारे दोहोंत सारखेच आढळते. म्हणून येथे वर्णनाऐवजी मोजणीचा आश्रय घ्यावा लागतो.

सॅलिसबरी यांनी १९२७ मध्ये मांडलेला पर्णरंध्र निर्देशांक हे त्यातील प्रमुख साधन होय. प्रति चौरस मिलिमीटर पर्णरंध्रांची संख्या पानाच्या वाढीनुसार व पाण्याच्या उपलब्धतेनुसार बदलते. पेशी आकाराने वाढल्या की रंध्रे एकमेकांपासून दूर जातात, परंतु रंध्रे व पेशी यांचे परस्पर प्रमाण बरेचसे स्थिर राहते. समजा, क्लोरल हायड्रेटने पारदर्शक केलेल्या तुकड्याच्या एका क्षेत्रात २१ पर्णरंध्रे व ९९ अपित्वचापेशी मोजल्या, तर निर्देशांक २१ भागिले १२० गुणिले १००, म्हणजे १७.५ येतो. अंगुस्टिफोलियात हे मूल्य १४ ते २०, बहुधा १७.५ असते, ॲक्युटिफोलियात १० ते १५, बहुधा १२.५.

शिराद्वीप संख्येत फरक याहून स्पष्ट दिसतो. शिरांच्या जाळ्याने वेढलेली क्षेत्रे ॲक्युटिफोलियात प्रति चौरस मिलिमीटर २५ ते २९.५, तर अंगुस्टिफोलियात १९.५ ते २२.५ भरतात. तथापि या मोजणीस काही चौरस मिलिमीटरचा सलग तुकडा लागतो. बारीक चूर्णात तो मिळत नाही आणि चूर्णातच भेसळीची शंका अधिक!

महाराष्ट्राच्या कोरड्या माळावर सर्वत्र दिसणाऱ्या तरवडाची पानेही सोनामुखीत मिसळली गेल्याची नोंद आहे. त्यांत सारक अँथ्राक्विनोन घटक नसल्याने रुग्णास अपेक्षित गुण येत नाही. ८० टक्के गंधकाम्लात तरवडाचे चूर्ण किरमिजी होते, त्यामुळे ही भेसळ तुलनेने लवकर उघड होते.

आधुनिक वर्गीकरणात वरील दोन्ही वनस्पती सेना अलेक्झांड्रिना या एकाच जातीत समाविष्ट केल्या जातात. नाव एक झाले तरी दोन्ही मालांच्या मोजणीतील फरक पुसला गेलेला नाही. तो आता जातीची नव्हे, तर मालाच्या प्रकाराची खूण म्हणून वाचावा लागतो. चूर्णाचा निर्देशांक १४.५ आला, तर तो दोन्ही मर्यादांत बसतो. अशा नमुन्याचा निर्णय एका क्षेत्रावरून न देता अनेक क्षेत्रे मोजून त्यांच्या सरासरीवरूनच द्यावा.