कंबरदुखी : विसाव्यानें शमणारी व विसाव्यानें वाढणारी

तळेगाव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा काच कारखाना निघाला; आतां तर चाकण-पिंपरीकडील कारखान्यांत पाळीवर जाणारे तरुण तेथें घरोघर आढळतात. ओझीं उचलणारा असो वा यंत्रापुढें उभा राहणारा, कधींच कंबर न दुखलेला मनुष्य त्यांच्यांत विरळा. कंबर धरली कीं घरचीं वडील माणसें म्हणतात, “चार दिवस पडून राहा.” बहुतेकांचें त्यानें फारसें बिघडत नाहीं, तथापि एखादा तरुण असा निघतो कीं, त्याला पडून राहणेंच बाधतें.

नेहमींची कंबरदुखी स्नायू, बंध किंवा मणक्यांमधील गादी यांच्यावर ताण पडून होते. पोतें उचलतांना उसण भरली, असें तिचें कारण पुष्कळदां सांगतां येतें. श्रमानें ती वाढते, आडवें होतांच उतार पडतो, आणि बहुधा कांहीं आठवड्यांत ती आपोआप जाते. तिलाही दीर्घकाळ अंथरूण धरणें हितावह नाहींच.

दुसरी जात दाहाची. शरीराची संरक्षक शक्तीच उलटून, कणा बैठकीच्या हाडांना जेथें मिळतो तेथील सांध्यांत दाह उत्पन्न करते. पुढें कांहीं रोग्यांत मणक्यांमध्यें नवें हाड धरून कणा बांबूसारखा एकसंध होतो. वैद्यकांत ह्यास अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. शाळेंत पोक काढणाऱ्यास मास्तर रागें भरतात. पण ह्या रोगांतील पोकाचा आळसाशीं कांहीं संबंध नाहीं.

पहिल्या पाळीच्या कामगाराचें उदाहरण घ्यावें. वय पंचविशीचें. दुखणें कधीं सुरू झालें हें त्याला नेमकें सांगतां येत नाहीं, पण तीन महिने उलटले आहेत. उत्तररात्रीं कळ येऊन जाग येते. उठून फेऱ्या घातल्या म्हणजे बरें वाटतें. सकाळीं अर्धा तास, कधीं त्याहूनही अधिक, पाठ लांकडासारखी ताठ; बुटाची नाडी बांधवत नाहीं. दहाच्या सुमारास तोच मनुष्य मोकळा हिंडूं लागतो, आणि मुकादमास वाटतें, हा सकाळीं सोंग करतो! श्रमाची कंबरदुखी शनिवारीं जास्त व सुटीनंतर कमी. ह्याची मात्र रविवार लोळून काढल्यावर सोमवारीं जास्त. घरचे नोकरीस दोष देतात, तो नोकरी सोडून अंथरूण धरतो, आणि कणा अधिकच आखडतो. कधीं डावें, कधीं उजवें ढुंगण दुखणें, टांच दुखणें, डोळा लाल होऊन उजेड न सोसणें, कातडीवर सोरायसिस, घरांत कोणास हाच विकार असणें, हीं त्याचीं आणखी चिन्हें होत.

क्ष-किरणांच्या चित्रांत हा रोग दिसावयास कित्येक वर्षें लागतात, एम. आर. आय. मध्यें दाह लवकर दिसूं शकतो. एच. एल. ए. बी-२७ ह्या आनुवंशिक खुणेचा ह्या रोगाशीं असलेला संबंध १९७३ सालीं उघड झाला. परंतु ती खूण असलेल्या बहुतेकांना हा रोग कधींच होत नाहीं, आणि नसलेल्या कांहींना होतो. तेव्हां केवळ रक्ताच्या कागदावरून निदान करूं नये. उगाच धास्तीही नको. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा यांनीं सुरू केलेल्या पाहणींतही साध्या दुखण्यांच्या तक्रारी पुष्कळ, तर दाहक संधिवात त्या मानानें थोडा, असेंच आढळलें.

निदान झाल्यावर संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखालीं दाहशामक औषधें, रोजचा व्यायाम व दीर्घ श्वसन, आणि धूम्रपानाचा त्याग, हा पाया. तेवढ्यानें न भागल्यास टी. एन. एफ. विरोधी इंजेक्शनें आहेत. मात्र त्यांनीं शरीरांत दबलेला क्षय उसळूं शकतो, म्हणून क्षयाची तपासणी आधीं करावी लागते. क्षय कण्यालाही होतो : पाठदुखीबरोबर बारीक ताप व वजनांत घट असेल, तर व्यायाम आरंभण्यापूर्वीं डॉक्टरांस गांठावें. आणि पायांतील बळ जाऊं लागलें किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशीं इस्पितळांत न्यावें.