सहलीसाठी छोटा कॅमेरा



मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावापासून नाणेघाटाची चढण लागते. वर लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांचा. शाळेची सहल तिथे नेली, तर लेखाचा फोटो वर्गात पुढे कितीतरी वर्षे कामी येतो. पण अक्षरेच उमटली नाहीत, तर काय उपयोग? म्हणून कॅमेरा घेताना तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली, सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चकती. पाऊस पडताना अंगणात वाटी आणि परात ठेवा. पाणी कशात जास्त साठेल? तसेच हे. स्वस्त कॅमेऱ्यात सेन्सर सुमारे ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो; ‘एक इंची’ म्हणतात तो १३ बाय ९ च्या आसपास, म्हणजे चौपट. लेण्यातल्या अंधुक उजेडात मेगापिक्सेलपेक्षा हाच फरक जाणवतो.

दुसरी, झूम. माहुलीचे सुळके पायथ्यावरून टिपायचे, तर भिंगे सरकून होणारा ऑप्टिकल झूम हवा. डिजिटल झूम म्हणजे चित्र नुसते ताणणे.

तिसरी, पाऊस. माळशेजच्या धुक्यात पाणी न शिरणारा कॅमेरा बरा. घरी आल्यावर तो पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावा. नाहीतर भिंगावर बुरशी धरते.

खिशात चांगला मोबाइल असेल, तर उजेडातल्या फोटोंसाठी वेगळा खर्च नको.

आणि लेखावर खडू मात्र फिरवू नका. बाजूने विजेरीचा तिरपा उजेड पाडा. खोदीव अक्षरांत सावली भरते, आणि ती आपोआप उठून दिसतात.